हिरवा रकाना

गेली अठरा वर्षं मी लोकांना शेअर आणि म्युच्युअल फंड सुचवते. त्यात हॉस्पिटलच्या शेअरवर माझा विशेष भरवसा होता. सरकारला खाटा वाढवता येत नाहीत, मग खाजगी पैसा आला तर बिघडलं कुठे? आयसीयू उभे राहतात, कॅथलॅब जिल्ह्याच्या गावी पोचते. हे मी क्लायंटना सांगायचे आणि मला ते मनापासून पटलेलं होतं. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमती बांधल्या, औषधवाला स्टेंट तीस हजारांच्या आत आणला, तेव्हा मी चिडले होते.

हॉस्पिटल कंपनी जोखायला आमच्याकडे एक आकडा असतो, आरपॉब. म्हणजे भरलेल्या खाटेमागे रोजचं उत्पन्न. तो वाढला की मी एक्सेलमधला रकाना हिरवा करायचे. वाढवायचे रस्ते ठरलेले: मोठ्या शस्त्रक्रिया जास्त घ्या, पेशंटला लवकर घरी पाठवा, सरकारी योजनेचे पेशंट कमी करा. एका समूहाच्या तिमाही कॉलमध्ये हे तिसरं काम मुद्दाम चालू असल्याचं व्यवस्थापनाने सांगितलं होतं. विश्लेषकांनी अभिनंदन केलं. मी तो परिच्छेद क्लायंटना पाठवला, वर ‘छान प्रगती’ असं लिहून.

त्यानंतर दीड वर्षाने संगमनेरला तात्यांच्या, माझ्या चुलत्यांच्या, छातीत कळ आली. भावाने त्यांना त्याच समूहाच्या हॉस्पिटलात नेलं, कारण शेजाऱ्यांची अँजिओप्लास्टी तिथेच महात्मा फुले योजनेतून झाली होती. मी पोचले तेव्हा तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून बिलिंगच्या खिडकीशी उभा होता. योजनेचे आरोग्यमित्र कुठे बसतात, विचारत होता. “योजना बंद झाली ना दादा इथली,” खिडकीतली मुलगी म्हणाली. उद्धट नव्हती ती, उलट तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं. डिपॉझिट दीड लाख. मी क्रेडिट कार्ड पुढे केलं आणि तात्यांना आत घेतलं. भावाच्या मागे एक बाई उभ्या होत्या. त्यांच्याही हातात रेशनकार्डच होतं. थोड्या वेळाने मी वळून पाहिलं तर त्या तिथे नव्हत्या.

तात्यांच्या बिलात स्टेंटची ओळ तेवढी सरकारी मर्यादेत होती. ज्या निर्णयावर मी चिडले होते, त्याच्यामुळेच.

हे एका हॉस्पिटलचं पाप आहे असं मला म्हणायचं नाही. योजनेचे दर तुटपुंजे असतात, सरकारी पैसे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण त्या खाटेवर कोण झोपणार हे ठरण्यात माझाही हात होता, कारण दर तीन महिन्यांनी आकडा मागणारी मीच होते. आणि माझ्यासारखे सगळीकडे आहेत. पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटल्समध्ये २०२२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने मोठा हिस्सा घेतला, २०२५ मध्ये तो मणिपालला विकायचा करार केला. तिथल्या निवृत्त शिक्षिकेला पेन्शन हवी, आमच्या सोसायटीतल्या काकूंना एसआयपीवर परतावा हवा. यात वाईट माणूस कुणीच नाही, म्हणून तर मला इतकी वर्षं काही खटकलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकेतला अभ्यास मी तात्यांच्या आजारपणानंतर वाचला. प्रायव्हेट इक्विटीने घेतलेल्या ५१ हॉस्पिटलांमध्ये पेशंट पडणं, नळीतून संसर्ग होणं, अशा तिथेच होणाऱ्या अपायांचं प्रमाण इतर हॉस्पिटलांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं होतं. आधी वाचला असता तर बहुधा बाजूला ठेवला असता.

खाजगी पैसा नकोच, असं मी आजही म्हणत नाही. मात्र तो कशाच्या बदल्यात येतो हे विचारल्याशिवाय आता मी एकही हॉस्पिटलचा शेअर सुचवत नाही. आरपॉबच्या शेजारी मी नवा रकाना केलाय, योजनेच्या खाटांचा. हा आकडा तिमाही निकालांत क्वचितच सापडतो, म्हणून कंपन्यांना पत्र लिहून विचारते. तीन पत्रं गेली आहेत, उत्तर एकाचं आलंय.