पिठ्याचा मांडव

आमची तासगावकडची द्राक्षबाग. खोडाची सुटी साल सोलायची, आत पांढरा कापूस दिसला की औषध चोपडायचं, यातच माझ्या शाळेच्या सुट्ट्या गेल्या. त्यामुळे घानात कोकोच्या झाडांवरचे पिठ्या ढेकूण मोजायचं काम मिळालं, तेव्हा यात शिकायचं ते काय, असंच मला वाटलं.

न्यू ताफोजवळची बाग. कोकोची फळं फणसासारखी थेट खोडालाच लगडलेली, आणि सावली इतकी गर्द की भर दुपारी वहीतलं दिसेना. बागमालक सत्तरीचे. सगळे त्यांना ‘पापा’ म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी एक फांदी वाकवून दाखवली. मध्येच गाठ आल्यासारखी सुजलेली, कोवळ्या पानांच्या शिरांलगत लाल पट्टे. फांदी सुजवणारा हा विषाणूरोग. घानाच्या याच पूर्व भागात 1936 साली त्याची पहिली नोंद झाली. पिठ्या तो पसरवतो हे मला पाठ होतं. पण पिठ्याच दिसेना!

“मातीखाली बघ, पोरी,” पापा म्हणाले.

फळाच्या देठाशी कचऱ्यामातीचा एक पापुद्रा होता. मी वाळवी समजून तो नखाने उचकटला आणि हातावर काळ्या मुंग्यांची फौजच चढली. शेपटाकडचा बदामी आकाराचा भाग पाठीवर उचलून धरत त्या कडाकड चावत होत्या. पापुद्र्याखाली पिठ्यांची दाटी. तो मांडव मुंग्यांनीच बांधलेला. पिठ्या झाडाचा रस शोषून गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो पितात आणि त्या बदल्यात छप्पर आणि पहारा देतात. मुंग्या आमच्या बागेतही होत्या, पण गवंडीकाम करणाऱ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

हात चोळत मोजलं, चौसष्ट. अभिमानाने वही पुढे केली. सोबतच्या तंत्रज्ञाने भिंग लावलं आणि हसू दाबलं. त्यातले एकोणीस पिठ्या नव्हतेच. अंगावर तसाच मेणाचा कापूस पांघरून पिठ्यांनाच खाणाऱ्या लेडीबर्डच्या अळ्या होत्या. माझे आप्पा असल्याच अळ्यांचे भुंगेरे विकत आणून द्राक्षबागेत सोडतात, आणि मी त्यांना शत्रूच्या रकान्यात टाकलं होतं. (हे आप्पांना अजून सांगितलेलं नाही.)

काही पिठ्या तपकिरी, कडक झाले होते. ‘मेलेले’ म्हणून मी ते कुपीत टाकले. काही दिवसांनी कुपीत टाचणीच्या डोक्याहून लहान, पंखवाले किडे फिरत होते आणि त्या पिठ्यांच्या अंगाला गोल भोकं पडली होती. गांधीलमाशीची ही चिमुकली जात पिठ्याच्या पोटात अंडं घालते आणि तिचं पोर त्याला आतून खाऊन बाहेर पडतं.

“मग सरळ फवारून का टाकत नाही?” मी विचारलं. औषध मांडवाखाली पोचत नाही, मरतात त्या या माश्या, असं उत्तर मिळालं. बरं, मुंग्या तरी माराव्यात? पलीकडच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या होत्या. त्याही रस शोषणाऱ्या किडींना राखतात, पण फळं डागाळणाऱ्या ढेकण्यांना पळवतात. पापांना त्या हव्या होत्या. कोणाला कोणत्या रकान्यात घालू, मला कळेना.

पिठ्याच्या मादीला पंख फुटत नाहीत. तिची पिल्लं भिडलेल्या फांद्यांवरून चालत शेजारच्या झाडावर जातात, कधी वाऱ्यावर उडतात. लागण झालेल्या झाडावर इलाज नाही, म्हणून उपाय एकच, कुऱ्हाड. 1946 पासून सक्तीची तोडणी सुरू झाली. 1948 साली अक्रात दंगल पेटली, त्यामागच्या रागात हेही एक कारण होतं. आजवर 20 कोटींहून जास्त झाडं पडली आहेत. पापांच्या वडिलांची बागही त्यातच गेली.

चौसष्ट खोडून मी पंचेचाळीस लिहिलं. संध्याकाळी त्या झाडावर तोडणीची खूण झाली. त्याला भिडलेल्या, अजून हिरव्यागार दिसणाऱ्या शेजारच्या झाडांवरही झाली.