सहा दिवसांचे पाणी

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण दिवसाची नोकरी किंवा मजुरी आटोपून रात्री हे पुस्तक उघडत असतील. मीही त्याच वाटेने शिकलो. त्या वर्षांत मी पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करीत होतो. रांजणगाव म्हटले की सर्वांना अष्टविनायकांतील महागणपती आठवतो. मला मात्र त्या गावाच्या शिवारातील एक अर्धवट भिंत आधी आठवते, कारण परोपकाराविषयीचा माझा भ्रम तिच्यापाशी दूर झाला.

एका शेतमजूर विधवेला प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले होते. दोन मुले आणि वृद्ध सासू यांच्यासह ती पत्र्याच्या खोपटात राहत होती. सपाट प्रदेशातील घरासाठी या योजनेत 1 लाख 20 हजार रुपयांचे साहाय्य मिळते, शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी मिळते. घर किमान 269 चौरस फुटांचे असावे लागते. पैसे मात्र एकदम हाती येत नाहीत. काम जसजसे वर चढेल तसतसे हप्ते मिळतात. काम थांबले की हप्ता थांबतो आणि हप्ता थांबला की काम थांबते. जोते झाल्यावर तिचे घर या फेऱ्यात अडकले होते. गवंड्याची मजुरी तिने कशीबशी जमवली होती, पण त्याच्या हाताखाली बिगारी ठेवण्याइतके पैसे उरले नव्हते.

आम्ही सात-आठ सहकाऱ्यांनी ठरवले, की साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तेथे जाऊन श्रमदान करायचे. पहिल्या दिवशी आमच्या उत्साहाला सीमा नव्हती. घमेली उचलणे, माल कालवणे ही कामे आम्हांला फार लहान वाटली. भिंत आपल्या हातांनी उभी राहावी, अशी प्रत्येकाची इच्छा होती. दुपारी गवंडी जेवायला गेला असता मी आणि आणखी दोघांनी थापी हाती घेतली आणि विटांचे चार रद्दे चढवले. भिंतीपाशी उभे राहून छायाचित्रही काढून घेतले.

गवंडी परत आला. त्याने काही न बोलता ओळंबा सोडला. दोरी भिंतीपासून बोटभर दूर राहिली. त्याने चारही रद्दे उतरवले, विटा खरवडून बाजूला रचल्या आणि पुन्हा पहिल्यापासून काम सुरू केले. वाया गेलेला माल जमिनीवर पडला होता. त्यातले सिमेंट त्या बाईच्या पैशांचे होते. ती आमच्यावर रागावली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

निघताना मी ओशाळून विचारले, "मावशी, पुढच्या खेपेला काय करू?"

ती म्हणाली, "दादा, इटा मिस्तरी लावंल. मला पाणी आणाया मानूस पाहिजे."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. सिमेंट वाळून घट्ट होते, असा आपला समज असतो. वस्तुतः पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. म्हणून नव्या भिंतीवर निदान सात दिवस तरी पाणी मारावे लागते. उन्हाळ्यात भिंत कोरडी पडली तर माल भुसभुशीत राहतो. शिरूर तालुक्याचा तो भाग पर्जन्यछायेचा, दिवस चैत्राचे. आम्ही आठवड्यातून एक दिवस येणार होतो. उरलेले सहा दिवस ती कांद्याच्या काढणीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर लांबच्या विहिरीवरून हंडे आणून भिंत भिजवीत होती. आमचा एक दिवस छायाचित्रात होता. तिचे सहा दिवस भिंतीत मुरत होते.

पुढच्या खेपेपासून आम्ही थापीला हात लावला नाही. दोन पिंपे मागवली आणि सुट्टीच्या दिवशी ती काठोकाठ भरून ठेवू लागलो. मधल्या दिवसांत पाळीप्रमाणे कोणीतरी सायकलवर कॅन लावून एक फेरी करी. भिंतीवर ओले गोणपाट टाकले की पाणी कमी लागते, हेही तिनेच आम्हांला शिकवले.

आमच्यातील एक सहकारी औसा तालुक्यातला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्याचे बालपण अशाच एका नव्या गावात गेले होते. तो म्हणे, "घर भक्कम मिळालं, पण बैल कुठं बांधायचा हे कुणी आजोबांना विचारलं नव्हतं." आजोबांनी अखेर घरामागे स्वतःच पत्र्याची पडवी काढली. हजारो घरांच्या कामात जे राहून गेले, तेच आमच्या एका घराच्या कामातही पहिल्या दिवशी राहून गेले होते. ज्याचे घर, त्याला आम्ही विचारलेच नव्हते.

पावसाळ्यापूर्वी छत पडले. त्या दिवशी तिने आम्हां सर्वांना जेवायला थांबवून घेतले. आम्ही संकोचून नको म्हणू लागलो, तेव्हा तिची सासू म्हणाली, "इर्जिकीला आलेला मानूस उपाशी जात नसतो." आपल्याकडे एखाद्याच्या शेतीचे काम अडले, तर शेजारी आपापली औते घेऊन येतात आणि एका दिवसात ते उरकून देतात. धनी त्यांना जेवू घालतो. इर्जिकीत कोणी दाता नसतो आणि कोणी याचकही नसतो. आज ज्याच्या बांधावर आपण राबतो, तो उद्या आपल्या बांधावर येणार असतो. त्या म्हातारीने एका शब्दात आम्हांला उपकारकर्त्यांच्या जागेवरून उठवले आणि शेजाऱ्यांच्या पंगतीत बसवले. भाकरी, पिठले आणि कांदा असे जेवण होते.

मित्रहो, तुम्हीही कधी अशा कामाला जाल. जाताना उत्साह जरूर न्या, परंतु पहिला प्रश्न घरधन्याला विचारा, की कोणते काम अडले आहे. ते काम बहुधा हंड्याचे असेल, थापीचे नसेल. आणि तुम्ही परतल्यावर त्या भिंतीवर पाणी कोण मारणार आहे, एवढे मात्र निघण्यापूर्वी पाहून घ्या.