जोंधळे आणि ज्वारी

‘मोजता येतात ती नामं काउंटेबल, मोजता येत नाहीत ती अनकाउंटेबल.’ मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांच्या वहीत हे वाक्य असतं. ‘मेनी’ आणि ‘मच’ यांचा आपला आयुष्यभराचा गोंधळ या वाक्यापासूनच सुरू होतो, असं माझं शिकवताना पक्कं मत झालं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. सुरुवात लवकर झाली, पण हे वाक्य काही बदललं नाही.

मी पुण्यात, पेठेतल्या एका संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेली आणि सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलं येतात, नर्सिंगच्या मुली येतात, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बायका येतात. ते वाक्य फळ्यावर लिहिलं की कुणीतरी म्हणतंच, ‘मॅडम, पाणी मोजता येतं की. लिटरवर.’ शंका अगदी रास्त आहे. मराठीत आंबेही मोजतात आणि दूधही मोजून घालतात. महात्मा फुले मंडईत कांदे तोलून मिळतात, लिंबं नगावर आणि कोथिंबीर जुडीने. इंग्रजीला या व्यवहाराशी काही देणंघेणं नाही. द्राक्षं किलोवर घेतली तरी ती ‘मेनी ग्रेप्स’च. पैसे मात्र नोट न् नोट मोजून घेतले तरी ‘मच मनी’. तेव्हा तराजू, माप किंवा बोटं यांवरून काही ठरत नाही.

ठरतं ते भाषा त्या वस्तूकडे कशी पाहते त्यावरून. आणि हे पटवून द्यायला इंग्रजीकडे जायचीही गरज नाही. आपण ‘ज्वारी दळून आणली’ म्हणतो आणि ‘जोंधळे दळून आणले’ असंही म्हणतो. धान्य एकच, डबा एकच, गिरणीही एकच. ज्वारी म्हणताना मराठीला अख्खी रास दिसते, जोंधळे म्हणताना दाणे दिसतात. मी वर्गाला घरातले डबे आठवायला सांगते आणि प्रत्येक पदार्थ ‘संपला, संपली, संपलं’मध्ये बसतो की ‘संपले, संपल्या’मध्ये ते बघायला सांगते. साबुदाणा संपला, शेंगदाणे संपले. रवा संपला, पोहे संपले. साखर संपली, शेवया संपल्या. चिवडा संपला, चुरमुरे संपले. फळ्याचे दोन भाग बघता बघता भरतात आणि वर्ग स्वतःच चकित होतो, कारण हा भेद त्यांना कुठल्याच शाळेने शिकवलेला नसतो. साबुदाण्याच्या नावातच दाणा आहे, तरी तो एकवचनी. याचं कारण कुणालाच सांगता येत नाही, पण चूकही कुणाची होत नाही. काउंटेबल-अनकाउंटेबल म्हणजे काय ते त्यांना तेव्हा कळलेलं असतं. इंग्रजीचा एक शब्दही न उच्चारता.

मग तांदूळ येतात. तांदूळ निवडले, तांदूळ महागले: मराठीत ते अनेकवचनी. म्हणून एखादा मुलगा ‘मेनी राइस’ म्हणतो तेव्हा तो नियम विसरलेला नसतो. तो आपल्या भाषेचा नियम चोख पाळत असतो, फक्त तो दुसऱ्या भाषेत लावत असतो. ‘हिज हेअर्स आर व्हाइट’मध्ये पिकलेले केस असतात, ‘हाउ मेनी मनी’मध्ये पैसे असतात. अशा वेळी मी त्याला चूक दाखवायच्या आधी मूळ मराठी वाक्य विचारते. तांदळाचा भात झाला की मराठीही त्याला एकवचनी करते, ‘भात उरला’ म्हणते. इंग्रजी ‘राइस’ कच्चा असो वा शिजलेला, कायम भातासारखा वागतो. एवढं सांगितलं की पुढच्या वेळी तो मुलगा बोलण्याआधी क्षणभर थांबतो आणि मग ‘मच’ म्हणतो.

इंग्रजीचं तरी सगळं तर्काला धरून आहे का? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात गहू आणि ओट यांची जोडी दाखवली आहे: ‘व्हीट’ एकवचनी, ‘ओट्स’ अनेकवचनी. वाटाण्याची गोष्ट तर त्याहून सुरस आहे. जुन्या इंग्रजांचा ‘पीझ’ हा शब्द आपल्या ज्वारीसारखा, राशीचा होता. त्याच्या शेवटचा ‘झ’ लोकांना अनेकवचनाचा वाटला, तो काढून त्यांनी ‘पी’ हा एक सुटा वाटाणा तयार केला आणि रूढ केला. ‘न्यूज’ आज एकवचनी आहे, पण शेक्सपिअरच्या नाटकांत ‘दीज न्यूज’ही सापडतं. ज्या भाषेने इतकी वळणं घेतली, तिच्यापुढे आपल्या मुलांनी ओशाळून उभं राहायचं काही कारण नाही.

अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या व्याकरणाच्या पुस्तकांत अनकाउंटेबल शब्दांच्या लांबलचक याद्या असतात. मुलं त्या पाठ करतात आणि बोलताना विसरतात. माझ्या मते यादी हवी, पण दोन्ही भाषांचं जिथे पटत नाही तेवढ्यापुरती. ‘इन्फर्मेशन’ त्या यादीत नको. आपण कधी ‘माहित्या’ म्हणतो का, एवढं विचारलं की पुरतं. ‘लगेज’ही नको, सामान आपल्याकडेही एकवचनीच असतं. ‘अॅडव्हाइस’ आणि ‘न्यूज’ मात्र हवेत, कारण आपल्याकडे सल्ले मिळतात, बातम्या येतात. तिथे ‘अ पीस ऑफ’ची सवय मुद्दाम लावावी लागते.

‘टाइम’ पुस्तकात अपवाद म्हणून येतो: वेळ या अर्थी अनकाउंटेबल, खेप या अर्थी काउंटेबल. मराठी माणसाला यात अपवाद कसला? ‘किती वेळ लागला?’ आणि ‘किती वेळा गेलास?’ यांत कुणाचीही गल्लत होत नाही. पहिला ‘हाउ मच टाइम’, दुसरा ‘हाउ मेनी टाइम्स’.

प्रमाणाच्या शब्दांतही मराठीच कामी येते. ‘आय हॅव मच वर्क’ हे वाक्य मी रोज ऐकते. व्याकरणाने ते सरळ चूक ठरत नाही, पण बोलण्यात कानाला खटकतं. का खटकतं ते ‘मला फारसं काम आहे’ असं म्हणून बघितलं की कळतं. फारसा हा शब्द नकारात शोभतो, आणि बोलण्यातला ‘मच’ही नकारात आणि प्रश्नात रमतो. होकारात आपण खूप म्हणतो, इंग्रज ‘अ लॉट ऑफ’ म्हणतो, आणि तो ‘अ लॉट ऑफ’ आपल्या खूपसारखाच पाण्यालाही चालतो आणि माणसांनाही.

चमचाभर, मूठभर, चिमूटभर, पेलाभर या शब्दांतला ‘भर’ आणि ‘स्पूनफुल’, ‘हँडफुल’मधला ‘फुल’ एकच काम करतात. अडतं ते ‘ऑफ’पाशी. चमचाभर साखर म्हणताना आपल्याला मध्ये काही लागत नाही, म्हणून ‘वन ग्लास वॉटर’ तोंडात येतं. इथे समजावण्यासारखं फारसं नाही, जिभेला सवय लागेपर्यंत म्हणून घ्यावं लागतं. पोळी-भाजी केंद्रवाल्या बायका हे सर्वांत लवकर शिकतात. त्यांचा दिवसच वाट्या-चमच्यांत जातो.

सर्वांत जास्त वेळ मी देते तो ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ला, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ला. ही जोडी बहुतेक पुस्तकांत दोन ओळींत उरकलेली असते, आणि परीक्षेत मुलं ती अंदाजाने सोडवतात. पण ज्या मुली उद्या इस्पितळात काम करणार आहेत त्यांच्यासाठी हा अंदाजाचा विषय नाही. रात्रपाळीच्या नोंदीत ‘अ लिटल वॉटर’ लिहिलं तर रुग्ण थोडं पाणी प्यायला, म्हणजे सुधारणा दिसते. तोच ‘अ’ गळला तर तो पाणी जवळजवळ प्यायलाच नाही, म्हणजे काळजी करायला हवी. एका अक्षराने डॉक्टरांचा पुढचा निर्णय बदलू शकतो. मराठीत हे काम ‘च’ करतो. ‘थोडं पाणी प्याले’ आणि ‘थोडंच पाणी प्याले’ यांतला फरक कुठल्याही आजीला कळतो. ‘अ’ असेल तर थोडं, नसेल तर थोडंच. इंग्रजी नकार दाखवायला एक अक्षर काढून घेते, मराठी एक अक्षर जोडते, म्हणून मुलींचा सुरुवातीला उलट गोंधळ होतो. तो वाक्यं म्हणता म्हणता निवळतो.

इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ फळ्यावर लिहायच्या आधी विद्यार्थ्यांकडून ‘थोडं’ आणि ‘थोडंच’ची मराठी वाक्यं म्हणून घ्या, आणि त्यांतला फरक त्यांनाच सांगू द्या. यात एक अख्खा तास जातो. तेवढा तास द्या.