आजोबांचा वाटाड्या

कामठीतील एका जुन्या घरात, ओसरीवरच्या फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, एक प्रवासपुस्तक ठेवलेले असे. त्याचे मूळचे वेष्टन केव्हाच गळून पडले होते. त्याच्या जागी जाड तपकिरी कागद आला होता आणि त्या कागदावर शाईने 'वाटाड्या' एवढेच लिहिले होते. पुस्तक १९५४ साली छापलेले. आजोबांच्या वडिलांनी ते बारा आण्यांना विकत घेतले आणि त्याच्या आधाराने नर्मदाकाठची कितीतरी स्थळे पाहिली. जेथे जेथे ते गेले, तेथली टिपणे त्यांनी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत करून ठेवली होती. त्यांचे एकही पत्र घरात उरले नव्हते. त्यांचे हस्ताक्षर काय ते या समासांतच राहिले होते. म्हणून निवृत्त शिक्षक असलेले आजोबा ते पुस्तक पोथीसारखे जपत.

मार्गशीर्षातील पौर्णिमेच्या सुमारास जबलपूरजवळचे भेडाघाट पाहावे, असा बेत घरात ठरला. तेथे नर्मदा संगमरवराच्या उंच पांढऱ्या कड्यांमधून वाहते आणि चांदण्यात ते कडे नावेतून पाहावेत, अशी रीत आहे. आजोबा व आजी लग्नानंतर लवकरच, १९७४ साली, तेथे जाऊन आले होते. बारा वर्षांच्या नातीने मात्र ते कडे केवळ चित्रात पाहिले होते. बेत ठरताच आजोबांनी स्टूल घेतले, वाटाड्या खाली काढला आणि धोतराच्या सोग्याने त्यावरील धूळ पुसली.

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, या वेळी नवं पुस्तक घ्या. नाहीतर मी आपली घरीच बरी."

आजोबा काहीच बोलले नाहीत. या बोलण्यामागे २०१६ सालच्या माघ महिन्यातील एक रात्र होती.

गोंदियाहून बालाघाट, नैनपूर या मार्गे सातपुड्याच्या रानातून जबलपूरला जाणारी छोटी आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली होती. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मोठ्या गाडीच्या रुळांत ते साडेपाच फूट असते. घाट चढताना ही गाडी इतकी सावकाश चाले की, खिडकीतून रानातील पाखरे नीट पाहून घ्यावीत. नवी नवरी असताना आजी याच गाडीने गेली होती. तो प्रवास तिला पुन्हा घडवावा, या हौसेने आजोबा वाटाड्यात दिलेल्या क्रमाने निघाले. कोणास काही विचारले नाही. "पुस्तकात छापलंय ना!" हे त्यांचे नेहमीचे उत्तर. दोघे सायंकाळी बालाघाटास उतरली आणि छोट्या गाडीची चौकशी करू लागली, तेव्हा ती गाडी २०१५ सालीच बंद झाल्याचे एका हमालाने सांगितले. ती रात्र दोघांना फलाटावरील बाकावर थंडीत कुडकुडत काढावी लागली. परत आल्यावर आजी पंधरा दिवस खोकत होती. पुढे त्या मार्गावर रुंद रूळ टाकण्यात आले आणि २०२१ पर्यंत गोंदियाहून जबलपूरपर्यंत मोठी गाडी धावू लागली. पण आजीने भेडाघाटाचे नाव पुन्हा काढले नव्हते.

"तुमचा वाटाड्या जबलपूरला नेतो की बालाघाटच्या बाकावर, ते आधी ठरवा," एवढे बोलून आजी आत गेली.

नातीने पुस्तक हाती घेतले. दोन पाने उलटताच ती हसू लागली. "आजोबा, यात तर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी आहे!"

"तेव्हा ते तसंच होतं," आजोबा म्हणाले. मग त्यांच्यातील शिक्षक जागा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात आले आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले; १ मे १९६० पासून नागपूर महाराष्ट्रात आहे, हे त्यांनी तिला समजावून दिले. सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून शंभर पैशांचा झाला, मैल जाऊन किलोमीटर आले, हेही सांगितले. सांगता सांगता त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. पुस्तकातील चूक मान्य न करणारा माणूस एकेक चूक स्वतःच्याच तोंडाने मोजून दाखवीत होता.

दुसऱ्या दिवशी आजोबा व नात बसने नागपुरास गेली आणि सीताबर्डीवरील एका दुकानातून गुळगुळीत कागदाचे एक नवे प्रवासपुस्तक घेऊन आली. त्यात जबलपूरच्या आगगाड्या होत्या. धुवांधार धबधब्यापाशी रज्जुमार्ग झाला असल्याची माहिती होती. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिचा विशेष उपयोग होता. चौसष्ट योगिनींच्या मंदिरास शंभराहून अधिक पायऱ्या असल्याचे वाचून आजीने खालूनच नमस्कार करण्याचे ठरविले. सर्वांचे समाधान झाले. जुने पुस्तक पुन्हा वरच्या कप्प्यात जाणार, इतक्यात नातीला दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ताडून पाहण्याची लहर आली.

भेडाघाटाच्या पानाशी ती थांबली. जुन्या पुस्तकात मधमाश्यांविषयी सहा ओळी होत्या. नव्यात एकही नव्हती. समासात पणजोबांनी लिहिले होते : 'कड्यांवर आग्या मोहोळे पुष्कळ. नावाड्यास विडी ओढू देऊ नये.'

ही भीती पोकळ नव्हती. कॅप्टन जेम्स फॉरसाइथ यांच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशाविषयीच्या पुस्तकात या माश्यांनी घेतलेल्या एका बळीची हकीकत आहे. माश्या अंगावर तुटून पडल्या, तेव्हा एका इंग्रज अभियंत्याने नर्मदेत उडी घेतली. पण तो डोके वर काढी तेव्हा माश्या पुन्हा त्याला घेरीत, आणि अखेर तो बुडाला. आग्या माशी उंच कड्याखाली उघडेच पोळे बांधते, आणि धुराने चवताळली म्हणजे झुंडीने पाठलाग करते. चांदणे पाहायला निघालेल्या माणसास हे ठाऊक असलेले बरे. नव्या पुस्तकाच्या कर्त्याला ते सांगावेसे का वाटले नसावे, कोण जाणे. चित्रे मात्र त्याने पुष्कळ दिली होती.

"मग जुनंही बरोबर घेऊ," नात म्हणाली. पण तिने पान उलटले तोच त्याचा कोपरा तिच्या बोटांत तुटून आला. आजोबांनी तो तुकडा अलगद उचलून पुस्तकात ठेवला. हा कागद आता प्रवास सोसणार नव्हता.

"आजोबा, पणजोबांची टिपणं मी नव्या पुस्तकात उतरवून घेऊ?"

प्रश्न मोठा अवघड होता. छापील पुस्तकात रेघ ओढल्याबद्दल आजोबांनी आपल्या नोकरीत कितीतरी मुलांना बाकावर उभे केले होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खणातून पेन्सिल काढली, तिला स्वतः टोक केले आणि ती नातीच्या हाती दिली. "अक्षर बारीक काढ," ते म्हणाले.

ठरल्या दिवशी पहाटे तिघे कामठी स्थानकावर गाडीत बसली. थोड्याच वेळात कन्हानच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला. खाली नदीवर धुके होते. आजीने शाल सारखी केली आणि नातीला विचारले, "मामंजींनी नावेबद्दल काय लिहिलंय गं? वाच पाहू."

नातीने नवे पुस्तक उघडले. कामाचे, बिनकामाचे असे काहीच न निवडता तिने सगळे उतरवून घेतले होते. समासातील पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून तिने वाचले, "'नावाडी सहा आणे मागतो, चारांत येतो.'"

"चार आण्यांत!" आजी म्हणाली आणि कितीतरी वेळ हसत राहिली. आजोबा खिडकीबाहेर पाहत होते. पण तेही हसत होते.