गूळ कधी घालायचा

गूळ पडला की दाणा जिथे असेल तिथेच थांबतो. नारळीभात करणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. शीत पुरतं शिजायच्या आत गूळ घातला, की मग कितीही वाफ द्या, टणक ते टणकच. मी ते शीत आजवर बोटांनी पारखत आले. अंगठा आणि तर्जनीत दाबलं की आत कणी आहे का ते लगेच कळायचं. माणगावात माझ्या नारळीभाताचं नाव झालं ते या दोन बोटांमुळे. त्या नावाचा मला गर्व होता, अजूनही आहे. गेल्या पावसाळ्यापासून बोटांची टोकं बधिर झाली आहेत आणि कणी लागत नाही.

अशात सुनेने किनोआ आणला. ह्यांना आणि नातवाला सकाळी गोड हवं असतं आणि घावन-रसाचा घाट रोज घालवत नाही. "आई, हा रसातच शिजवू या का?" तिने विचारलं. धुताना रिठ्याचा येतो तसा फेस आला. कारणही एकच, दोन्हींत सॅपोनिन असतं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, फेस थांबेपर्यंत धुवायचंच. गुळाने सॅपोनिनचा कडवटपणा झाकला जात नाही.

हा दाणा शिजत आला की त्याच्याभोवतीचं पांढरं कडं सुटतं. तो त्याचा अंकुर. बोट न लावता दिसणारी अशी खूण तांदळात नाही. पण तिच्यावर विसंबता येत नाही. कडं सुटलं तरी दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका उरलेला असतो. तेव्हा गूळ पडला तर तो ठिपका कायमचा राहतो आणि दाताखाली येतो. थांबावं, तर ठिपका विरल्यावर थोड्याच वेळात दाणा फुटून लगदा होतो. गूळ पाण्यात राहतो, दाणा फिका. वाटीला दोन वाट्या पाणी आणि मंद आच असली, तर पंधरा मिनिटांच्या आसपास ती वेळ येते. घड्याळावर मात्र माझा भरवसा नाही. धुतलेल्या दाण्यात किती पाणी राहिलं ते घड्याळाला काय कळणार? मी चमच्यात चार दाणे घेऊन खिडकीशी जाते आणि उजेडात धरते. दाणा आरपार दिसला पाहिजे, तरी अखंड.

काहीजणी सुचवतात, गोड रस वरून ओता, भानगडच नको. घावनाला ते शोभतं. घावन जाळीदार, रस पिऊन घेतो. किनोआ तसा पीत नाही. गोडी दाण्याच्या आत गेली नाही, तर तो नाश्ता नव्हे, पथ्य झालं. कुकरला लावून, वर कंडेन्स्ड मिल्क ओतून, काजू पेरून जे कुठे कुठे पुढ्यात येतं, त्याला तर मी स्वयंपाक म्हणत नाही. आणि गूळ आहे म्हणून मधुमेहाला चालतं, असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. गूळही साखरच. ह्यांना मी अर्धीच वाटी देते.

आमच्याकडच्या डोंगरउतारांवर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी व्हायची. आता त्यातल्या कितीतरी उतारांना फार्महाऊसची कुंपणं पडली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किनोआचं वर्ष म्हणून साजरं केलं. भरडधान्यांची पाळी आली २०२३ला, तीही भारताने प्रस्ताव मांडला तेव्हा. मला ते लागलं. बोलिव्हिया-पेरूच्या डोंगरातला दाणा माझ्या शेगडीवर येतो आणि वरी वाण्याकडे उपासापुरती उरते. तरी वरी मला आता जमत नाही, हेही तितकंच खरं. ती खूण दाखवत नाही, बोटांनाच कळते, आणि नजर हलली की गिजगोळा. किनोआ निदान आपल्या चाकवताच्या गोत्रातला आहे, अगदीच परका नाही, असं मी मनाला सांगते.

सुनेची नजर माझ्याहून तीक्ष्ण. ती खिडकीशी जात नाही, पातेल्यातच ठिपका ओळखते. गूळ ती घालते. पण आच बंद केल्यावर नारळाचा पहिला घट्ट रस मीच ओतायचा, असा माझा हट्ट आहे. रस उकळला तर फाटतो, एवढंच त्यातलं कसब, आणि तिला ते उत्तम येतं. तरीही मी वाटी तिच्या हाती देत नाही. पाहुण्यांनी विचारलं, की ती "आईंनी केलंय" म्हणते, आणि मी तिला तसं म्हणू देते.