चार मिलीमीटर

मोटारसायकलीला टेप लावायचा असतो, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. टेप शिंप्याने लावावा किंवा तलाठ्याने, अशीच माझी समजूत.

आमचा पुतण्या गणपतीला पुण्याहून तोंडवलीला आला तो चाकणच्या कारखान्यातली ती नारिंगी केटीएम दामटीत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गडनदीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. असे हे आमचे गाव. इथे वेगाचे काम ते काय? पण त्याला पुढच्या महिन्यात जायचे होते कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर. सव्वादोन किलोमीटरला थोडी कमी अशी ती वाट. पैसे भरायचे आणि दिवसभर फिरायचे. शर्यत नव्हे, समोरून एस्टी येत नाही, गुरे येत नाहीत, एवढेच सुख.

"काका, सॅग मोजायचा आहे. तीन माणसं लागतात," तो म्हणाला.

घरात तिसरे माणूस म्हणजे वहिनी. आणि गाडी घेतल्यापासून त्या विषयावर मायलेकांत अवाक्षर नव्हते. तरी त्या आल्या. शिवणयंत्राच्या खणातला टेप हातात, चेहरा घट्ट. खळ्यातल्या ओल्या मातीत स्टँड रुतू लागला तेव्हा खाली पाटही त्यांनीच आणून सारला.

आधी आम्ही दोघांनी गाडीची शेपटी उचलून मागचे चाक अधांतरी धरले. आसापासून वरच्या खुणेपर्यंतचे अंतर वहिनींनी वाचले. मग चिरंजीव चामड्याचा पोशाख, बूट, शिरस्त्राण असा सगळा साज चढवून वर बसले. मी हँडल धरून गाडी उभी ठेवली. भादव्यातले ते ऊन! पण मोजायचे ते स्वाराच्या साजासकट. बसल्यावर स्प्रिंग जेवढी दबते तो सॅग. ती दबायलाच हवी. वळणावर चाकाखाली खळगा आला, तर चाकाला खाली उतरायला तेवढीच जागा असते. ती नसली तर चाक जमीन सोडते आणि टायरची पकड जाते. मागे सुमारे तीस ते पस्तीस मिलीमीटर असावा म्हणे. शिवाय सांधे किंचित अडखळतात, म्हणून एकदा शेपटी दाबून सोडायची, एकदा उचलून सोडायची, आणि दोन्ही मापांची सरासरी धरायची.

"अठ्ठावीस," वहिनी म्हणाल्या.

"शक्य नाही. गेल्या वर्षी पुण्यात मित्रांनी मोजला तेव्हा बत्तीस होता. स्प्रिंगला हात लावलेला नाही. हाच पोशाख होता."

पुन्हा दाबली, पुन्हा उचलली. अठ्ठावीसच.

मी आपला गणितात शिरलो. टेप चुकला की पाट हलला? वहिनी मात्र टेप गुंडाळीत लेकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोनार तर सांगतंस, खाणावळीत पोटभर जेवतंय!"

शिरस्त्राणातून उत्तर आले नाही. पुढे कळले, नोकरी बदलताना मध्ये चार महिने पगार नव्हता. वजन आठ किलो उतरले होते. ते त्याने आईला सांगितले नव्हते, मला नाही, आणि ते कळले कुणामुळे, तर एका स्प्रिंगमुळे.

त्याने खाली उतरून पान्याने प्रीलोडचे कडे एक खाच सैल करायला घेतले.

"ता कित्याक फिरवतंस?" वहिनी म्हणाल्या. "रव. महिनोभर घराक जेव, आपसूक दबतली."

त्याने कडे फिरवले ते फिरवलेच. मग तेलाच्या दट्ट्याचा स्क्रूही लावला : शेपटी दाबून सोडली की एकदाच वर यावी आणि थांबावी, होडीसारखी डुलत राहू नये. ते दाबण्याचे काम मात्र वहिनींनी मला करू दिले नाही. स्वतःच पदर खोचून दाबू लागल्या. "आता? आता बरी?" असे विचारीत.

संध्याकाळी मी तिथी पाहायला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलो. त्या दिवसाच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली शिसपेन्सिलीने लिहिले होते : 28.