चीर, भेग आणि तडा

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीला बरेच तडे गेलेत. तरीही मॅगझिनच्या मराठी विभागात सिव्हिलवाल्यांची हजेरी लागावी म्हणून हा प्रपंच!

आमचं घर मालवणला, समुद्राच्या वाऱ्यावर. मागच्या पावसाळ्यात स्लॅबचा मोठा पोपडा पडला. आतली सळी गंजून फुगलेली. आजी म्हणाली, "एवढा शिकतंस मां, मग ह्यो स्लॅब कित्याक पडता?"

कारण सोपं आहे. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५च्या वर असतो, त्यामुळे सळीवर पातळ संरक्षक थर बसतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड तो थर फोडतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो.

मग स्टील फायबर घातले तर? ३० ते ६० मिमी लांबीचे, टोकं वाकवलेले हे तुकडे काँक्रीटभर विखुरलेले असतात. भेग पडली की टाक्यांसारखे दोन्ही काठ धरून ठेवतात. वरवरचे गंजतात, तांबूस ठिपके दिसतात. पण इतके बारीक, की त्यांच्या गंजाने पोपडे सहसा पडत नाहीत.

खरी परीक्षा भेगेच्या आत. साधारण ०.१ मिमीची चीर असेल तर खारं पाणी कमी शिरतं आणि कॅल्शियम कार्बोनेट साचून ती बुजूही शकते. अर्ध्या मिमीची भेग असेल तर मीठ, पाणी, ऑक्सिजन तिघांनाही मोकळं रान! फायबर झिजत जातो. निरोगी फायबर ताण आल्यावर हळूहळू उपसून निघतो आणि जाता जाता भरपूर ऊर्जा खातो. झिजलेला मात्र तटकन तुटतो. बाहेरून भेग तीच दिसते, पण धरणारा हात गेलेला असतो.

इंग्रजीत आम्ही सगळ्याला सरसकट 'क्रॅक' म्हणतो. मराठीत चीर वेगळी, भेग वेगळी, तडा वेगळा. म्हणजे जी रुंदी आम्ही लॅबमध्ये मोजतो, ती आजीच्या भाषेत आधीच आहे!

आजीला सांगितलं, घराच्या स्लॅबमध्ये फायबर सळीची जागा घेत नाहीत. तिथे घट्ट काँक्रीट, पुरेसं कव्हर आणि नीट क्युरिंगच हवं. आमच्या स्लॅबला कव्हर जेमतेम होतं.

तेव्हा मित्रांनो, काँक्रीटला भेग दिसली तर घाबरू नका आणि लगेच पुट्टीही फासू नका. रुंदी मोजा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा, महिन्याने पुन्हा मोजा. वाढली असेल तर जाणकाराला बोलवा.